स्क्रिबल पोर्ट्रेट दर वेळी राखाडी गिचमिड का होतं, आणि त्यावर काय करायचं

स्क्रिबल पोर्ट्रेट म्हणजे गिरगटलेल्या, वेटोळ्या रेघांनी उभा केलेला चेहरा. तो मोबाइल, टॅबलेट किंवा कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. सुरुवातीला पोर्ट्रेट मस्त चाललेलं असतं. थोड्याच वेळात चेहरा ओळखू यायला लागतो, घरातलं कुणीतरी डोकावून ‘अरे वा’ म्हणून जातं. मग ‘अजून जरा शेडिंग करू’ म्हणत रेघोट्या वाढत जातात आणि तासाभराने स्क्रीनवर राखाडी गिचमिड उरते. नाक आहे, डोळे आहेत, पण सगळं एकाच पातळीवर. अंडू करत, म्हणजे एकेक रेघ रद्द करत, मागे गेलं तरी नेमकं कुठे बिघडलं ते सापडत नाही. पुढच्या चित्रात पुन्हा तेच.

ब्रश बदलून हे सुटत नाही. विकत घेतलेल्या ‘स्क्रिबल ब्रश पॅक’नेही सुटत नाही, उलट त्यातले निम्मे ब्रश दुखणं वाढवणारेच असतात. गिचमिड होण्याची कारणं दोन. दोन्ही दिसायला सारखी, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे. म्हणून आधी आपलं चित्र कुठल्या बाजूचं आहे ते बघा.

चित्र ४०० टक्के झूम करा. गालावर जिथे रेघांचं जंजाळ झालंय तिथे एखाद्या रेघेच्या बरोबर मधोमध कलर पिकर (चित्रातला रंग उचलून दाखवणारं टूल) टेकवा. कडेला टेकवू नका, कडेचे पिक्सेल सगळ्याच ब्रशचे थोडे राखाडी असतात. चार-पाच रेघा तपासा. पिकर शुद्ध काळा दाखवतोय की राखाडी, आणि प्रत्येक रेघेला वेगळा राखाडी?

राखाडी आला तर

दोष ओपॅसिटीचा, म्हणजे रेघ किती अपारदर्शक आहे त्याचा. पेन्सिल, चारकोल, मार्कर अशा नावांचे बरेचसे ब्रश स्टायलसच्या (स्क्रीनवर काढायच्या पेनच्या) दाबानुसार ओपॅसिटी बदलतात. ५० टक्के ओपॅसिटीची काळी रेघ पांढऱ्यावर मारली की निम्मा पांढरा उरतो. त्यावरून दुसरी गेली की पाव, तिसरी गेली की साडेबारा टक्के. म्हणजे रेघ तीनदा रेघेवरून गेली की ती जागा जवळजवळ काळी. स्क्रिबलमध्ये रेघ रेघेवरूनच जात असते, त्यामुळे कुठे किती गडद व्हायचं हे तुमच्या हातात राहतच नाही.

याच्या उलट फजितीही होते आणि ती जास्त गोंधळात टाकते. स्टायलस न उचलता एकाच लांब स्ट्रोकमध्ये गिरगटलं तर रेघ स्वतःवरूनच शंभरदा जाते, तरी गडद काही होत नाही. सपाट राखाडी ठिपका तयार होतो आणि आतली वेटोळी दिसेनाशी होतात. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी ही एका स्ट्रोकची कमाल मर्यादा असते. स्टायलस उचलेपर्यंत त्यापलीकडे रंग चढत नाही. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशचा पेंटिंग मोड ‘वॉश’वर असेल तर हेच होतं, आणि प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या अ‍ॅपमध्ये रेंडरिंग ‘ग्लेझ’ जातीचं असेल तर.

उपाय एकच: ओपॅसिटी १०० टक्के आणि तिचा दाबाशी संबंध तोडायचा. प्रोक्रिएटमध्ये ब्रश स्टुडिओतल्या अ‍ॅपल पेन्सिलच्या भागात ओपॅसिटीची पट्टी शून्यावर आणा. क्रिटामध्ये एफ-५ दाबून ब्रश एडिटर उघडा आणि ओपॅसिटीसमोरचा प्रेशरचा टिक काढा. फोटोशॉपमध्ये ब्रश सेटिंग्जमधलं ‘ट्रान्सफर’ बंद करा आणि वरच्या पट्टीतलं ‘दाबाने ओपॅसिटी’चं बटणही बंद आहे ना ते पाहा, कारण ते चालू असलं तर ट्रान्सफर बंद करूनही काही फरक पडत नाही. दाबाने रेघेची जाडी थोडी बदलली तर बदलू द्या.

मोबाइलवर बोटाने काढणाऱ्यांनी इथे खट्टू व्हायचं कारण नाही. या तंत्राला दाब लागतच नाही. आयबिस पेंट या मोबाइल अ‍ॅपमधला एखादा साधा ‘हार्ड’ पेन घेतला तरी काम भागतं.

काढून झालेलं चित्र वाचवायचं असेल तर सगळे लेअर (पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवलेले चित्राचे भाग) एकत्र केलेली एक प्रत करा आणि तिच्यावर थ्रेशोल्ड फिल्टर लावा. सगळे राखाडी एकतर काळ्यात जातात नाहीतर पांढऱ्यात. पट्टी डावी-उजवीकडे सरकवत राहिलं की एका जागी चेहरा अचानक उघडतो. थ्रेशोल्ड नसेल तर कर्व्हजची, म्हणजे उजेड-सावली बदलायच्या आलेखाची, रेषा जवळजवळ उभी करा. चित्र पूर्ण वाचेलच असं नाही, पण गिचमिडीखाली काय होतं ते तरी कळतं.

पिकर काळाच दाखवत असेल तर

हे जास्त वेळा होतं आणि याचं मूळ गणितात आहे. समजा रेघ ६ पिक्सेल जाड आहे आणि रेघांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ३० पिक्सेल. एका थरात २० टक्के जागा काळी होते. वेगळ्या दिशेने दुसरा थर मारला की ४० व्हायला हवी, पण होते ३६, कारण काही रेघा आधीच काळ्या असलेल्या जागेवर पडतात. तिसऱ्या थराला ४९. चौथ्याला ५९. थर वाढतात तशी प्रत्येक थराची कमाई घटत जाते. ९० टक्के काळं करायला असे दहा-अकरा थर लागतील आणि तेवढा धीर कुणाला नसतो. माणूस चार-पाच थरांवर थांबतो.

आता चेहऱ्याकडे बघा. गालावर दोन थर पडले, हनुवटीखाली चार. फोटोत या दोन जागांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, तुमच्या चित्रात ३६ आणि ५९. दुसरीकडे कपाळ आणि नाकाचा शेंडा, जिथे एकही रेघ नको होती, तिथेही हात फिरता फिरता एखादा थर पडलेला असतो. गडद जागा गडद होत नाहीत, उजळ जागा उजळ राहत नाहीत आणि सगळं मधल्या राखाडीत येऊन बसतं. रेघा कमी पडल्या असं वाटून माणूस आणखी रेघा मारतो, आणि अंतर आणखी मिटतं.

म्हणून गडद जागेसाठी रेघा वाढवू नका, रेघ जाड करा. तोच ब्रश ६ वरून २०-२५ पिक्सेलवर न्या आणि नाकपुड्या, वरच्या पापणीखालची फट, हनुवटीखालचा गळा, कानामागचे केस एकाच फेरीत काळे करून टाका. सरळ भरून टाकलं तरी बिघडत नाही. ‘मग ते स्क्रिबल कसं राहील’ हा आक्षेप मला पटत नाही. कडा गिरगटलेली ठेवा, आत काय आहे ते कुणी बघत नाही.

केवळ जाडीने काय साधतं ते पाहायचं असेल तर क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरीवकाराचं १६४९ सालचं येशूच्या मुखाचं चित्र शोधून बघा. नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली एकच रेघ गोल गोल फिरत बाहेर जाते. कुठे तुटत नाही, स्वतःला छेदतही नाही. जिथे सावली हवी तिथे रेघ जाड होते, उजेडात बारीक होते, आणि एवढ्यावर पूर्ण चेहरा उभा राहतो. तांब्याच्या पत्र्यावर, अंडूशिवाय.

कामाचा क्रमही उलटा करा. बहुतेक जण सगळ्या चेहऱ्यावर आधी हलका थर फिरवतात आणि मग गडद करत जातात. तो शाळेत पेन्सिल आडवी धरून केलेल्या शेडिंगचा हात आहे, इथे तो नडतो. आधी सगळ्यात काळ्या जागा, वेगळ्या लेअरवर. मग मधला टोन (टोन म्हणजे जागा किती उजळ किंवा गडद ती पातळी), दुसऱ्या लेअरवर. हलका टोन सगळ्यात शेवटी, तिसऱ्या लेअरवर. मधला टोन फसला तर तेवढाच लेअर उडवता येतो. पांढऱ्याला लेअर नाही, ती जागा सुरुवातीलाच राखून ठेवायची.

ती राखायची कशी? ज्यावरून चित्र काढताय त्या रेफरन्स फोटोची प्रत घेऊन तिला पोस्टराइज (छटांचे मोजके सपाट टोन करणारा फिल्टर) लावा आणि टोन चारच ठेवा. फोटोशॉप आणि क्रिटा दोन्हींत ही सोय आहे. सगळ्यात उजळ पट्ट्याची कड लाल रेघेने वेगळ्या लेअरवर आखून घ्या. तिच्या आत रेघ जाणार नाही, हात कितीही शिवशिवला तरी. पोस्टराइज केल्यावर चेहऱ्याचा एकच सपाट डाग मिळत असेल तर दोष फोटोचा आहे. समोरून फ्लॅश मारलेला किंवा ब्युटी मोडने घासून गुळगुळीत केलेला फोटो स्क्रिबलला निरुपयोगी. माणसाला खिडकीशेजारी बसवून एका बाजूने उजेड येईल असा नवा फोटो काढा.

अधूनमधून ब्लर लावून बघायची सवय ठेवा. चित्राच्या प्रतीवर १५-२० पिक्सेलचा गॉशियन ब्लर, फोटोच्या प्रतीवरही तेवढाच, आणि दोन्ही शेजारी. ब्लरमध्ये रेघा विरघळतात आणि खरा टोन दिसतो. डोळे बारीक करून बघणं म्हणजे हेच, पण आपले डोळे आपल्या चित्राच्या बाबतीत जरा पक्षपाती असतात.

पांढरी दाढी काळी होते, त्याचं काय?

२० डिसेंबर जवळ आला की गाडगेबाबांची पोर्ट्रेट काढायची लाट येते. चेहरा स्क्रिबलसाठी केल्यासारखा आहे: उन्हात रापलेली कातडी, कपाळाच्या आठ्या, अंगावरच्या चिंध्या. पण दाढीपाशी सगळे अडकतात. दाढी म्हणजे केस, केस म्हणजे रेघा, असा हिशोब होतो आणि काळ्या रेघांनी पांढरी दाढी काढायला घेतली की म्हातारा एकदम तिशीतला दिसायला लागतो.

दाढीचा केस काढायचाच नाही. दाढीच्या भोवतालचं काढायचं. गालाच्या कातडीचा मधला टोन गिरगटत खाली आणा आणि दाढी जिथे सुरू होते तिथे वेटोळी सरळ रेषेत न थांबवता काही लांब, काही आखूड अशी सोडा. त्या टोकांच्या मधल्या पांढऱ्या फटी म्हणजेच दाढीचे केस. खालच्या ओठाखाली एक आखूड गडद ठिपका. दाढीची खालची कड गळ्याच्या काळ्यावर आणा, आणि तिथल्या काळ्याची कडही अशीच दातेरी ठेवा. मग दाढीच्या आत, सावलीच्या बाजूला, चार-पाच सैल वळणं. बस्स. उजेडाच्या बाजूला कोरा कागद.

एवढं करूनही दाढी उठत नसेल तर चेहरा जास्त उजळ राहिलाय का ते बघा. आपल्याकडे पोर्ट्रेट ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून कातडीवर टोन द्यायला हात कचरतो. सावळ्या माणसाचा चेहराही कोराच ठेवला जातो. कुणी हे गोरेपणाच्या हौसेतून करत असेल, कुणी भीतीतून, परिणाम एकच: पांढरी दाढी पांढऱ्या गालात बुडून जाते. गाडगेबाबांचा चेहरा किमान मधल्या टोनवर आला पाहिजे, तरच दाढी चमकते.

काळ्यावर पांढऱ्या रेघा मारून केस काढायची पळवाट आहे. पाच-सहा केसांपुरती ठीक. त्यापुढे गेलात तर काळ्या-पांढऱ्याची नवी गिचमिड होते आणि तिचा टोन पुन्हा मधलाच.

गुळगुळीत गालावर दाढीचे खुंट

लहान मुलांची आणि बायकांची पोर्ट्रेट काढताना ही अडचण हमखास येते. कारण रेघेचं टोक. डोळा रेघेच्या मधल्या भागावरून घसरतो आणि टोकावर थबकतो. उजळ गालावर रेघांची टोकं सुटली की ते खुंट वाटतात, आणि टोक निमुळतं असेल तर सरळ केसच. ब्रशमधलं ‘टेपर’ बंद करा. रेघ उजेडात सुरू किंवा संपवू नका. जबड्याच्या सावलीतून निघून गालावरून वळून पुन्हा सावलीत किंवा केसांत जाऊन संपू द्या. तरुण चेहऱ्यावर रेघा मोजक्या, लांब आणि मोकळ्या हव्यात. बारीक वेटोळ्यांनी गाल भरला की भांडी घासायची तारेची घासणी तयार होते.

याच्याशी जोडलेलं आणखी एक: सगळीकडे एकाच मापाची वेटोळी. डोळ्याभोवती लहान, कपाळावर मोठी, कपड्यांवर आडदांड, असा फरक ठेवला नाही तर टोन बरोबर असूनही चेहरा मेलेला दिसतो. शिवाय वेटोळ्यांना आकाराचं वळण द्या. गालाची रेघ गालासारखी वळली पाहिजे, नाकाच्या दांड्यावरची आडवी गेली पाहिजे.

साम्य शेवटी शेवटी हरवतं

टोनच्या लेअरखाली चेहऱ्याचं जे कच्चं स्केच असतं ते लवकर बंद केल्यामुळे. ते लाल किंवा निळ्या रंगात, २०-३० टक्के ओपॅसिटीवर, अगदी शेवटापर्यंत चालू ठेवा. डोळ्यांचे कोपरे, नाकाचा पाया आणि ओठांचे कोपरे या जागांवरून टोनची रेघ आडवी गेली की साम्य गेलं. चित्र अधूनमधून आडवं उलटवून बघा. क्रिटात एम दाबलं की झालं. स्केचसाठी फोटोवरून ट्रेसिंग करणाऱ्यांना लोक नाकं मुरडतात. माझं म्हणणं, या तंत्राची परीक्षा टोनमध्ये आहे, बाह्यरेषेत नाही, तेव्हा शिकताना खुशाल ट्रेस करा.

हात बरोबर आहे, रेघच विचित्र येते

वेटोळी फार गुळगुळीत, एकसारखी आणि निर्जीव येत असतील तर स्टॅबिलायझर (हाताची थरथर आपोआप गुळगुळीत करणारी सोय) जास्त आहे. प्रोक्रिएटचं स्ट्रीमलाइन शून्याजवळ आणा, क्रिटात स्मूदिंग ‘नन’ किंवा ‘बेसिक’, फोटोशॉपमध्ये १० टक्क्यांच्या आत. स्वस्त टॅबलेटवर तिरकी रेघ हळू ओढली की थरथरते, ते खरं आहे, पण तिथे स्मूदिंग वाढवण्यापेक्षा हात भरभर चालवा. स्क्रिबल संथपणे करायचं कामच नव्हे.

गोल वेटोळी कोनाकोनांची, बहुभुजासारखी येत असतील तर कॉम्प्युटर मागे पडतोय किंवा ड्रायव्हरचं भांडण आहे. विंडोजवर क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (टॅबलेट कॉम्प्युटरशी जोडायच्या दोन पद्धती) यांपैकी जे चालू असेल ते बदलून दुसरं लावा आणि क्रिटा बंद करून परत उघडा. स्ट्रोकच्या सुरुवातीला गोल कडं उमटून रेघ उशिरा सुरू होत असेल तर विंडोजच्या पेन सेटिंग्जमधलं दाबून-धरून-राइट-क्लिक बंद करा. आयपॅडवर मधलीच रेघ गायब होत असेल तर तळहात टेकून दोन बोटांचा अंडू लागतोय का ते आधी बघा.

मोबाइलवर बघितलं की राखाडी, कॅनव्हासवर ठीक

हे चित्राचं दुखणं नाही, मापाचं आहे. ३००० पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर काढून इन्स्टाग्रामसाठी १०८० वर आणलं की सगळं जवळपास एक तृतीयांश होतं. २ पिक्सेलची रेघ एका पिक्सेलहूनही बारीक होते, आणि एका पिक्सेलपेक्षा बारीक काळी रेघ दाखवायचा स्क्रीनकडे एकच मार्ग: ती राखाडी करणे. ३००० च्या कॅनव्हासवर सगळ्यात बारीक रेघ ६ पिक्सेलची धरा, डोळ्यांपुरती ४. छापायचं असेल तरी हे माप चालतं. ए-३ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल होतो आणि त्यावर ६ पिक्सेल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.

फाइल पीएनजी ठेवा. जेपीजीमध्ये काळ्या रेघांच्या कडेला करडी धूळ उडते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ती आणखी वाढते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सवाल्याकडे देणार असाल तर मूळ मापाची फाइल द्या आणि इन्स्टाग्रामवरून उतरवलेली प्रत वापरू नका म्हणून बजावून सांगा, नाहीतर तो हमखास तीच घेतो.